उष्णतेची वाट, पेटंटची अट

विशेष प्रतिनिधी

घरातला नऊ वॉटचा एलईडी दिवा तासभर चालू ठेवला की त्याचे बूड हाताला चांगलेच गरम लागते. आता दोन सेंटिमीटरहूनही कमी रुंदीच्या, बोटभर लांब अशा धातूच्या बंद डबीत पंधरा वॉट वीज खर्ची पडते आहे आणि अशा बत्तीस डब्या एकमेकींना खेटून बसवल्या आहेत, अशी कल्पना करावी. डेटा सेंटरमधील नेटवर्क स्विचच्या दर्शनी भागाची आजची अवस्था हीच आहे. ही डबी म्हणजे ऑप्टिकल मॉड्यूल. विजेच्या रूपात आलेल्या संदेशाचे प्रकाशात आणि प्रकाशाचे पुन्हा विजेत रूपांतर करणे हे तिचे काम. सेकंदाला १०० गिगाबिट वाहून नेणारे मॉड्यूल साधारण साडेतीन वॉटवर भागवत असे. ४०० गिगाबिटला सुमारे १२ वॉट लागू लागले, ८०० गिगाबिटला १५ ते १७, आणि १.६ टेराबिटच्या पिढीने पंचविशी गाठली.

कृत्रिम बुद्धिमत्तेच्या लाटेबरोबर या मॉड्यूलांची मागणी वाढली आणि तिच्यामागोमाग ही उष्णता बाहेर काढण्याच्या रचनांवर हक्क सांगणारे अर्जही पेटंट कार्यालयांच्या दारात आले. धातूच्या पात्या, तांब्याची पट्टी, एखादी स्प्रिंग आणि पंख्याचा वारा, यांतील एकही वस्तू नवी नाही. मग त्यांच्या नव्या मांडणीला शोध म्हणायचे का?

प्रश्न वकिली काथ्याकुटाचा वाटेल, पण तसा तो नाही. मॉड्यूलची बाह्य मापे उत्पादकांनी आपसांतील करारांद्वारे ठरवून टाकलेली आहेत. कोणत्याही कंपनीचे मॉड्यूल कोणाच्याही स्विचमध्ये बसावे, हा त्यामागचा हेतू. २०१६ मध्ये पुढे आलेले क्यूएसएफपी-डीडी आणि ओएसएफपी हे दोन प्रकार आज प्रचलित आहेत. पहिल्याने जुन्या मॉड्यूलांशी जुळणारे माप राखले आणि हीट सिंक स्विचच्या खोबणीवर ठेवला. दुसऱ्याने डबी थोडी मोठी करून हीट सिंक तिच्याच पाठीवर चढवला. डबीचे माप एकदा ठरले की उष्णता बाहेर नेण्याच्या वाटा मोजक्याच उरतात. त्यांतील एका वाटेवर वीस वर्षांचा टोलनाका बसला, तर मागून येणाऱ्या प्रत्येकाला तो भरावा लागतो. दूरसंचार उपकरणे देशात तयार व्हावीत म्हणून केंद्राने २०२१ मध्ये १२,१९५ कोटी रुपयांची उत्पादनसंलग्न प्रोत्साहन योजना मंजूर केली. या क्षेत्रात उतरू पाहणारे भारतीय उद्योजक अर्थातच मागून येणाऱ्यांत मोडतात.

एका डबीत दोन स्वभाव

अडचण नेमकी कुठे आहे हे समजल्याशिवाय शोध कुठे आहे हेही कळत नाही. मॉड्यूलमधील लेझर उष्णतेबाबत विलक्षण हळवा असतो. तापमान एका अंशाने चढले की त्याची तरंगलांबी साधारण ०.१ नॅनोमीटरने सरकते. एकाच तंतूतून अनेक तरंगलांबींचे प्रकाश पाठवणाऱ्या यंत्रणेत शेजारच्या दोन वाहिन्यांतील अंतर अनेकदा ०.८ नॅनोमीटरच असते. म्हणजे आठ अंशांचा फरक पडला तर एकाचा संदेश दुसऱ्याच्या हद्दीत शिरतो. म्हणून अशा लेझरखाली थर्मोइलेक्ट्रिक कूलर बसवतात. गंमत अशी की हा कूलर स्वतः वीज खातो आणि डबीतील एकूण उष्णतेत भरच घालतो. शेजारची सिग्नल प्रोसेसरची चिप याच्या अगदी उलट स्वभावाची आहे. सर्वाधिक उष्णता तीच निर्माण करते आणि लेझरपेक्षा कितीतरी अधिक उष्णता सोसतेही.

दुसरी अडचण संपर्काची. चिपपासून डबीच्या कवचापर्यंत उष्णता मऊ जेलमधून पोहोचवता येते. कवचापासून हीट सिंकपर्यंत मात्र कोरड्या धातूवर कोरडा धातू टेकतो. मॉड्यूल हवे तेव्हा काढता-घालता आले पाहिजे, त्यामुळे संगणकाच्या प्रोसेसरवर लावतात तशी पेस्ट इथे चालत नाही. दोन पृष्ठभाग कितीही गुळगुळीत केले तरी त्यांच्यामध्ये हवेच्या सूक्ष्म फटी राहतात, आणि हवा ही उष्णतेची वाईट वाहक. स्प्रिंगचा दाब वाढवावा तर संपर्क सुधारतो, पण मॉड्यूल आत सरकवणे जड जाते आणि पृष्ठभागावर ओरखडे पडतात. दाब की सुलभता, या पेचातून सुटण्यासाठी मॉड्यूल आत शिरेपर्यंत हीट सिंक वर उचलून धरायचा आणि मग खाली दाबायचा, अशा रचना उद्योगात मांडल्या गेल्या आहेत.

मिर्झापूरची भांडी

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. पेटंटसाठी रचना नवी हवी, उद्योगात वापरता येण्याजोगी हवी आणि त्या विषयातील जाणकाराला सहज सुचणारी नसावी. पहिल्या दोन कसोट्या या अर्जांना फारशा जड जात नाहीत. पात्यांची संख्या किंवा कोन बदलला तरी रचना ‘नवी’ ठरू शकते. खरी परीक्षा तिसरी.

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये ‘केएसआर विरुद्ध टेलिफ्लेक्स’ खटल्यात ही कसोटी कडक केली. वाद मोटारीच्या पेडलचा होता. पुढे-मागे सरकवता येणारे पेडल आधीच होते, इलेक्ट्रॉनिक सेन्सरही होता आणि दोन्ही एकत्र आणल्याचा दावा होता. ज्ञात घटक ज्ञात पद्धतीनेच काम करत असतील आणि त्यातून अपेक्षित तेच हाती येत असेल, तर ते सहज सुचण्याजोगेच मानले पाहिजे, असा या निकालाचा आशय. बाजाराची गरज समोर असेल आणि मोजकेच ज्ञात उपाय उपलब्ध असतील, तर त्यांतील एक करून पाहण्यात कल्पकता नसते, असेही न्यायालयाने सुचवले. पात्यांची जाडी दोनऐवजी दीड मिलिमीटर केल्याचे दावे या कसोटीवर टिकणे अवघडच.

भारतात हा विचार त्याआधी तीन दशके मांडला गेला होता, आणि तोही भांड्यांच्या निमित्ताने. मिर्झापूरच्या एका कारखान्याने पितळी भांडी लेथवर फिरवताना ती निसटू नयेत म्हणून दुसऱ्या बाजूनेही आधार देऊन धरण्याच्या रचनेवर १९५१ मध्ये पेटंट घेतले होते. ‘बिश्वनाथ प्रसाद राधेश्याम विरुद्ध हिंदुस्तान मेटल इंडस्ट्रीज’ या नावाने गाजलेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये हे पेटंट टिकू दिले नाही. लेथला असा आधार असणे कारागिरांना माहीत होतेच. ज्ञात गोष्टींच्या जुळणीला पेटंट हवे असेल तर ती कारखान्यातल्या नेहमीच्या सुधारणेपेक्षा काही अधिक असली पाहिजे, हे तत्त्व तेथून रुजले. १९७० च्या पेटंट कायद्याचे कलम ३ (एफ) याच जातीचे आहे. परस्परांपासून स्वतंत्रपणे आणि ज्ञात रीतीने काम करणाऱ्या ज्ञात साधनांची नुसती मांडणी, फेरमांडणी वा पुनरावृत्ती हा शोध नव्हे, असे ते सांगते.

मॉड्यूलच्या अर्जांना हे कलम सरसकट लावण्याचा मोह परीक्षकांना होऊ शकतो. तो टाळायला हवा, कारण कलमातील ‘परस्परांपासून स्वतंत्रपणे’ हे शब्द शोभेचे नाहीत. उष्णतेची वाट ही साखळी असते. चिप, जेल, कवच, संपर्क, पात्या, हवा यांतील प्रत्येक कडीचा अडथळा पुढच्या कडीत मिळत जातो. संपर्काची कडी कच्ची असेल तर त्यापुढे महागडी हीट पाइप बसवूनही फारसे साधत नाही. तेव्हा एका भागामुळे दुसरा भाग अधिक परिणामकारक होतो का, हे तपासावे लागेल, आणि त्याचे उत्तर आकड्यांतच सापडेल. स्वतंत्रपणे केलेल्या दोन ज्ञात सुधारणांनी तापमान अनुक्रमे दोन आणि तीन अंशांनी उतरत असेल आणि दोन्ही एकत्र केल्यावर ते पाच अंशांनीच उतरले, तर ती मांडणी झाली. ते नऊ अंशांनी उतरले, किंवा दाब न वाढवता संपर्क सुधारला, तर काहीतरी घडले आहे असे म्हणता येते. हीट सिंक उचलून धरण्याची कल्पना ज्याने प्रथम मांडली त्याचा हक्क समजू शकतो. त्यातील तरफेच्या जागी स्क्रू घालणाऱ्या दहाव्या अर्जदाराचा समजत नाही.

यात अर्जदारांचेही चुकते. अर्जात संगणकीय सिम्युलेशनची रंगीत चित्रे जोडायची, पण तुलना कशाशी केली ते सांगायचे नाही. काही दावे तर ‘कवचाचे तापमान ७० अंशांखाली राखणारी रचना’ एवढेच म्हणू पाहतात. सत्तर अंश ही या उद्योगाची जुनीच मर्यादा आहे. तिथवर कसे पोहोचायचे हे सांगणारा साधनमार्ग दाव्यात नसेल, तर अर्जदाराने फक्त इच्छा नोंदवली असे होते.

‘डिझाइन’ या शब्दानेही घोटाळा होतो. २००० च्या डिझाइन कायद्याखाली नोंदणी होते ती डोळ्यांना दिसणाऱ्या रूपाची. निव्वळ यांत्रिक रचनेला तो कायदा हात लावत नाही. पात्यांची नक्षी सुबक असेल तर ती तिथे नोंदवावी, पण त्या नक्षीने उष्णता लवकर निघते हा मुद्दा तिथे कामाचा नाही.

चीनमध्ये या दोहोंच्या मधली एक वाट आहे. ‘युटिलिटी मॉडेल’ नावाचा दहा वर्षांचा हक्क तिथे वस्तूच्या आकार-रचनेवर मिळतो आणि त्यासाठी कल्पकतेची कसोटीही सौम्य आहे. पूर्वी प्राथमिक तपासणीत कल्पकता पाहिलीच जात नसे. जानेवारी २०२४ पासून लागू झालेल्या नियमांनुसार उघडउघड कल्पकताशून्य अर्ज आता तिथेच अडवता येतात. ऑप्टिकल मॉड्यूलच्या उत्पादनात चिनी कंपन्या अग्रभागी असताना चीनने ही चाळणी बारीक करावी, हे लक्षणीय आहे. भारतात असा हक्क असावा का, यावर औद्योगिक धोरण विभागाने २०११ मध्ये चर्चापत्र काढले होते. त्यातून कायदा झाला नाही, आणि या विषयापुरते तरी ते बरेच झाले. छोट्या सुधारणांना स्वस्त हक्क मिळू लागले असते, तर त्यांचा पहिला लाभ ज्यांच्याकडे अशा सुधारणांचे गठ्ठे तयार आहेत त्यांनाच झाला असता.

देशी उत्पादकाच्या हाती एक हत्यार आहे, ते म्हणजे पेटंट मिळण्यापूर्वीचा आक्षेप. अर्ज प्रसिद्ध झाल्यावर कलम २५ (१) खाली कोणीही तो नोंदवू शकतो. चीनमधील युटिलिटी मॉडेलचे जुने दस्तऐवज इथे पुरावा म्हणून कामी येतात, कारण जगात कुठेही आधी प्रसिद्ध झालेली रचना भारतात नवी ठरत नाही. भाषेचा अडसर यंत्रानुवादाने बराच कमी केला आहे. दुसरीकडे, मॉड्यूल उघडले की आतली रचना डोळ्यांना दिसते, त्यामुळे उल्लंघन सिद्ध करणेही सोपे असते. मोठ्या कंपन्यांना ही पेटंटे प्रिय असण्याचे ते एक कारण आहे.

या साऱ्या वादाखालची जमीनही सरकते आहे. २०२३ पासून सिग्नल प्रोसेसर वगळून मॉड्यूल बनवण्याच्या पर्यायाची चर्चा जोरात आहे. उष्णता काढण्याऐवजी ती निर्माणच होऊ न देण्याचा हा विचार. मार्च २०२५ मध्ये एनव्हिडियाने प्रकाशीय भाग थेट स्विच चिपच्या शेजारी बसवणारे, द्रवाने थंड होणारे स्विच जाहीर केले. तिथे डबी जाते, पात्या जातात आणि त्यांच्यावरील पेटंटांचे मोलही उतरू शकते. पण हळवा लेझर त्या तापलेल्या चिपजवळ ठेवणे परवडत नाही. म्हणून तो वेगळा काढून दर्शनी भागावरच्या एका लहान, काढता-घालता येणाऱ्या डबीत बसवण्याची पद्धत पुढे आली आहे. त्या डबीतही कोरड्या धातूवर कोरडा धातूच टेकतो.