शेवटच्या शिपायाचे मौन

पहिल्या महायुद्धात पश्चिम आघाडीवरील खंदकांत प्रत्यक्ष लढलेले अखेरचे हयात ब्रिटिश सैनिक हॅरी पॅच यांचे २५ जुलै २००९ रोजी इंग्लंडमधील वेल्स या गावी निधन झाले. वयाची १११ वर्षे त्यांनी पूर्ण केली होती. सातच दिवस आधी त्यांच्याहूनही वयोवृद्ध असे वायुदलातील सैनिक हेन्री ॲलिंगहॅम निवर्तले होते. पॅच हे सेनापती नव्हते. एखादे ठाणे एकट्याने जिंकल्याची कीर्तीही त्यांच्या नावावर नव्हती. तरीही त्यांच्या जाण्याने अनेक देशांतील सामान्य माणसे हळहळली. हे प्रेम केवळ दीर्घायुष्याला मिळालेले नव्हते, हे ध्यानात घेतले पाहिजे.

पॅच यांचा जन्म १७ जून १८९८ रोजी बाथ शहराजवळच्या कोम डाउन येथे एका गवंड्याच्या घरी झाला. पंधराव्या वर्षी शाळा सोडून ते प्लंबरच्या हाताखाली उमेदवारी करू लागले. युद्धाचा उत्साह त्यांना नव्हता. १९१६ साली ब्रिटनने सक्तीच्या सैन्यभरतीचा कायदा केला आणि त्याच वर्षी अठरा वर्षांचा हा कारागीर पलटणीत दाखल झाला. १९१७ च्या उन्हाळ्यात तो बेल्जियममधील ईप्रच्या चिखलात पोहोचला. पासनडेल या नावाने कुप्रसिद्ध झालेल्या त्या लढाईत साडेतीन महिन्यांत दोन्ही बाजूंचे मिळून काही लाख सैनिक मेले वा जायबंदी झाले. आघाडी सरकली ती मात्र थोडे मैल. लुईस मशिनगन चालविणाऱ्या पाच जणांच्या तुकडीत पॅच होते. शक्यतो कोणाचा जीव घ्यायचा नाही, नेम पायांवर धरायचा, असे या पाच जणांनी आपसांत ठरविले होते. २२ सप्टेंबर १९१७ च्या रात्री त्यांच्यावर तोफेचा गोळा फुटला. तिघे जागच्या जागी नाहीसे झाले. पॅच जखमी होऊन मायदेशी परतले.

त्यानंतर ते पुन्हा प्लंबर झाले. त्यांनी संसार केला, ब्रिस्टलच्या विद्यापीठाच्या भव्य इमारतीवर काम केले आणि दुसऱ्या महायुद्धात बाथवर बाँबवर्षाव झाला तेव्हा अग्निशमन दलात राहून आगी विझविल्या. परंतु त्या रात्रीविषयी त्यांनी कोणाजवळ, अगदी पत्नीजवळही, तोंड उघडले नाही. हे मौन सुमारे ऐंशी वर्षे टिकले. १९९८ साली, वयाच्या शंभराव्या वर्षी, कोणीतरी येऊन त्यांना विचारले, तेव्हा ते प्रथमच बोलले.

एवढा काळ समाजाने काय केले, असा प्रश्न येथे उपस्थित होतो. युद्धाचा जमाखर्च सरकारे चोख ठेवतात. किती दारूगोळा उडाला, किती कर्ज झाले, कोणत्या जखमेला किती निवृत्तिवेतन, याची कोष्टके तयार असतात. माणसाच्या मनात जे साचून राहते त्यासाठी मात्र त्या खतावणीत रकाना नसतो. दोन महायुद्धांमधील बहुतेक काळ ब्रिटनमध्ये बेकारांची संख्या दहा लाखांच्या वर होती आणि त्यांत आघाडीवरून परतलेलेही होते. शेकड्यांनी नव्हे, लाखांनी सैनिक हयात होते तेव्हा त्यांचे ऐकण्यास कोणाला सवड नव्हती. एकच उरला तेव्हा साऱ्या देशाने कान टवकारले. दुर्मीळ झाल्यावाचून वस्तूची किंमत वाढत नाही, हा बाजाराचा नियम माणसांच्या बाबतीतही खरा ठरावा, हे भूषणावह नाही.

पॅच यांनी या उशिरा आलेल्या कीर्तीचा उपयोग मात्र विलक्षण विवेकाने केला. २००४ साली ते जर्मनीच्या बाजूने लढलेल्या शार्ल कुएन्झ या १०७ वर्षांच्या वृद्धाला भेटले. एकेकाळचे शत्रू हातात हात घेऊन बसले. ११ नोव्हेंबरच्या शासकीय समारंभांविषयी त्यांना ममत्व नव्हते. त्यांचा स्मृतिदिन २२ सप्टेंबर हा होता. युद्ध म्हणजे संघटित हत्या, असे ते स्पष्टपणे सांगत. वेल्सच्या कॅथीड्रलमधील त्यांच्या अंत्यविधीत शोभेचेही शस्त्र नव्हते, आणि शवपेटीसोबत बेल्जियम, फ्रान्स व जर्मनी या तिन्ही देशांचे सैनिक चालले.

अशा बोलण्याने सैनिकांच्या त्यागाला उणेपणा येतो, असा आक्षेप काही जण घेतील. तो टिकणारा नाही. पॅच यांनी कर्तव्य टाळले नव्हते. त्याची किंमत शरीराने व मनाने भरल्यानंतरच ते बोलत होते. सैनिकाचा सन्मान आणि युद्धाचे गुणगान या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढेच त्यांचे सांगणे होते.

या कथेचा महाराष्ट्राशी संबंध आहे. त्या महायुद्धात सुमारे १३ लाख हिंदी सैनिक व कामगार समुद्रापार गेले आणि ७४ हजारांहून अधिक परतले नाहीत. १९१६ साली मेसोपोटेमियातील कुतच्या वेढ्यात मराठा पलटणी अन्नान्न दशेत अडकल्या आणि शरणागतीनंतर अनेकांचा बंदिवासात अंत झाला. सातारा-रत्नागिरीकडील कित्येक गावांत आजही संगमरवरी पाट्या दिसतात: या गावातून इतके जण महायुद्धास गेले, इतक्यांनी प्राण दिले. आकडा आहे, नावे नाहीत. बसऱ्याच्या स्मारकावरही अधिकाऱ्यांची नावे कोरली गेली, सामान्य हिंदी शिपायांची मात्र पलटणवार संख्याच लिहिली गेली. या भेदभावाबद्दल राष्ट्रकुल युद्धस्मृती आयोगाने २०२१ साली क्षमा मागितली. परंतु तोवर ज्यांना विचारावयाचे ते कोणीच उरले नव्हते.

दुसऱ्या महायुद्धातील सैनिकांबाबतही आता तीच वेळ आली आहे. १९४५ साली अठरा वर्षांचा असलेला जवान आज शंभरीच्या उंबरठ्यावर आहे. १९६२, १९६५ आणि १९७१ च्या युद्धांतील जवानही वृद्ध झाले आहेत. त्यांचे अनुभव टिपण्यासाठी मोठ्या अनुदानाची वा आयोगाची आवश्यकता नाही. गावच्या शाळेतील एक शिक्षक, महाविद्यालयातील दोन विद्यार्थी, एक वही आणि ऐकण्याची तयारी एवढे पुरेसे आहे. प्रश्न विचारावयाचा तो शौर्याच्या कथेसाठी नव्हे, तर शेजारी कोण होता, त्याचे नाव काय, त्याचे घर कोठे, हे समजून घेण्यासाठी. पॅच यांना ऐंशी वर्षे छळीत राहिले ते विजय-पराजयाचे गणित नव्हते. ते तीन मित्र होते. पाटीवरील आकड्यामागची नावे सांगू शकणारी माणसे आहेत तोवरच ती विचारून घेतली पाहिजेत.