बाळसे नव्हे, वजन!

जाडेपणासाठी आपल्याकडे प्रेमाचे शब्द फार. मूल गुबगुबीत झाले की त्याने बाळसे धरले आणि माणूस सुटला की तो खात्यापित्या घरचा. घरातल्या लॅब्राडॉरलाही आपण तोच न्याय लावतो. म्हणून दवाखान्यात "कुत्रा जाड झालाय, खाणे कमी करा" असे कोणी म्हटले की मालकाला ऐकू येते, "तुम्ही याचे वाटोळे केलेत." तो म्हणतो, "छे हो, हा काही खातच नाही!" आणि पुढच्या खेपेला तो येतच नाही.

माझ्या मते चूक सल्ल्यात नाही, बोलण्यात आहे. आपल्या घरात कुत्र्याला एकटा मालक थोडाच भरवतो? सकाळी पोदेर आला की आजोबांचा पावाचा तुकडा, दुपारी आईच्या ताटातला भात, संध्याकाळी मुलांची बिस्किटे. प्रत्येकाचे 'थोडेसेच' असते. तेव्हा "किती घालता?" असे न विचारता "दिवसभरात कोण कोण काय देते?" असे विचारावे. कुणावर ठपका येत नाही आणि खरा हिशेब निघतो.

शिवाय सांगण्यापेक्षा दाखवावे. मालकाचाच हात बरगड्यांवर ठेवावा. आपल्या पंजाच्या पाठीवरून बोट फिरवल्यावर हाडे लागतात तशा बरगड्या लागल्या तर ठीक. तळव्यासारखे मऊ लागले तर ती चरबी. १ ते ९ गुणांचा तक्ता भिंतीवर असावा. कुत्र्याला ४ किंवा ५ गुण योग्य. मग मत डॉक्टरांचे राहत नाही, तक्त्याचे होते.

कारणही सांगावे. अमेरिकेत ४८ लॅब्राडॉरांवर केलेला, २००२ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास आहे. जोडीदारापेक्षा पाव हिस्सा कमी खाणारे कुत्रे साधारण पावणेदोन वर्षे जास्त जगले. कोणत्या मालकाला ती नको असतील? मांजराच्या मालकाला मात्र बजावावे, की खाणे एकदम तोडू नका, यकृत बिघडते.

हे बोलणे एकट्या डॉक्टरांना येऊन भागणार नाही. काट्यावर वजन घेणाऱ्या मदतनिसालाही ते यायला हवे, कारण पहिला शब्द त्याचाच असतो. सरकारी खिडकीमागे बसणाऱ्या आम्हा कारकुनांना हे चांगले ठाऊक आहे. "अर्ज चुकलाय" म्हटले की माणूस भांडतो. "इथे एक सही राहिली" म्हटले की तो निमूट पेन काढतो.