ज्येष्ठांविना पहिली तुकडी

गडचिरोलीचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०२४ साली १०० जागांनिशी सुरू झाले. १९८२ मध्ये चंद्रपूरपासून अलग झालेल्या या अरण्यमय जिल्ह्यास त्यासाठी चार दशकांहून अधिक काळ थांबावे लागले. इमारत, रुग्णखाटा व अध्यापकांची पदे यांविषयी यापुढे पुष्कळ बोलले जाईल आणि ते योग्यही आहे. परंतु नव्या महाविद्यालयात आणखी एक उणीव असते आणि तिच्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. तेथील पहिल्या तुकडीस ज्येष्ठ विद्यार्थीच नसतात.

शरीररचनाशास्त्राचा अवाढव्य ग्रंथ कोठून वाचावयास घ्यावा, तोंडी परीक्षेत वाचा बसली तर काय करावे, हे नवागत विद्यार्थी अध्यापकास विचारावयास धजत नाही. तो दोन वर्षे पुढच्या विद्यार्थ्यास विचारतो. मराठी माध्यमातून आलेल्यास इंग्रजी ग्रंथांचा धाक वाटतो, तर अखिल भारतीय कोट्याच्या १५ टक्के जागांवर परप्रांतातून आलेल्यास रुग्णाची मराठी उमगत नाही. त्यापुढे गोंडी आणि माडिया आहेतच. अशा वेळी स्थानिक विद्यार्थी हाच परप्रांतीयाचा गुरू ठरू शकतो. म्हणजे हे साहाय्य एकतर्फी नसते.

प्रश्न केवळ गुणांचा नाही. राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या कृतिदलाने २०२४ मध्ये सादर केलेल्या अहवालानुसार, सर्वेक्षणात सहभागी झालेल्या पदवीच्या विद्यार्थ्यांपैकी एक चतुर्थांशाहून अधिक जणांनी आपणांस मानसिक आजाराचे निदान झाल्याचे सांगितले. वसतिगृहातील मुलाची निद्रा उडाली आहे, हे अधिष्ठात्यांच्या आधी शेजारच्या खोलीस कळते. त्या खोलीतील विद्यार्थ्याने काय करावयाचे, हे त्याला कोणी शिकविले आहे काय?

ज्येष्ठत्वाची दुसरी बाजू विसरून चालणार नाही. रॅगिंगला आळा घालण्यासाठी महाराष्ट्रास १९९९ साली कायदा करावा लागला. ज्या अधिकाराने हात दिला जातो, त्याच अधिकाराने छळही होतो. म्हणून ही व्यवस्था ऐच्छिक असावी, गट लहान असावेत, प्रत्येक गटास एक उत्तरदायी अध्यापक असावा आणि गंभीर लक्षणे दिसताच विद्यार्थ्यास मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठविण्याचा दंडक असावा. रिक्त पदांची भरपाई विद्यार्थ्यांच्या सौजन्याने करण्याची सबब मात्र शासनास मिळता कामा नये.

गडचिरोलीस ज्येष्ठ आणावयाचे कोठून? उत्तर सुमारे ८० किलोमीटरवर आहे. चंद्रपूरचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०१५ साली सुरू झाले, तेव्हा तेथील पहिल्या तुकडीनेही हीच पोकळी अनुभवली असणार. आज मात्र तेथे पाचही वर्षांचे विद्यार्थी आहेत. दोन्ही महाविद्यालयांनी ठरविले, तर थोरल्या भावंडाचे कर्तव्य चंद्रपूरला सहज पार पाडता येईल. हेमलकशाचा १९७३ पासूनचा लोकबिरादरी प्रकल्प आणि १९८६ मध्ये स्थापन झालेली ‘सर्च’ यांच्या रूपाने, अरण्यात राहून वैद्यकी करणाऱ्यांची अनुभवी पिढीही जवळच आहे.

भामरागड वा एटापल्लीच्या दुर्गम भागात नेमणूक झालेल्या तरुण डॉक्टरास औषधांच्या तुटवड्याइतकाच एकटेपणाही छळतो. अडले तर विचारावे आणि विचारले तर सांगावे, ही सवय विद्यार्थिदशेतच जडली, तर तो तेथे टिकण्याची शक्यता वाढते. त्या सवयीस इमारत लागत नाही, निधीही फारसा लागत नाही. पहिली तुकडी ज्येष्ठांविना आली. दुसऱ्या आणि तिसऱ्या तुकडीचे ज्येष्ठत्व तिने कसे निभवावे, हे आताच ठरविले पाहिजे.