कोच येतात, वेळ कोण देणार?

ऑफिसात ‘वेलनेस कोच’ म्हणून येणाऱ्यांचे परिचय मी आवडीने वाचते. सत्राच्या आदल्या दिवशी एचआरचा मेल येतो, त्यात हसऱ्या फोटोखाली चार ओळी असतात. हिंजवडी असो की ऐरोली, त्यांचा साचा ठरलेला. बारा-पंधरा वर्षं आयटीत किंवा बँकेत वरच्या हुद्द्यावर, मग पाठ धरली किंवा झोप उडाली, मग राजीनामा, मग कोचिंगचं सर्टिफिकेट. शेवटी छंद: सह्याद्रीतले ट्रेक, गच्चीवरची बाग, जमलं तर थोडं शास्त्रीय गाणं. यात खोटं काही नसतं. फक्त क्रम बघा. छंद राजीनाम्यानंतर येतात. आणि समोर बसलेल्यांपैकी कुणीच राजीनामा दिलेला नसतो. त्यांचे गृहकर्जाचे हप्ते चालू असतात.

या व्यवसायातलं गाजलेलं नाव म्हणजे चाड-मेंग टॅन. सिंगापूरचे हे इंजिनिअर २००० साली गूगलमध्ये रुजू झाले, तेव्हा कर्मचाऱ्यांत त्यांचा क्रमांक होता १०७. २००७ मध्ये त्यांनी सहकाऱ्यांसाठी ध्यानाचा आणि स्वतःच्या भावना ओळखण्याचा एक वर्ग काढला, ‘सर्च इनसाइड युअरसेल्फ’ नावाचा. त्याच नावाचं पुस्तक २०१२ मध्ये आलं आणि खूप खपलं. व्हिजिटिंग कार्डावर त्यांनी हुद्दा छापून घेतला होता ‘जॉली गुड फेलो’. छंद काय, तर कंपनीत येणाऱ्या बड्या पाहुण्यांच्या शेजारी उभं राहून फोटो काढायचे आणि भिंतीवर लावायचे. गमतीदार माणूस. पण त्यांच्या गोष्टीतला महत्त्वाचा भाग वेगळाच आहे. त्या काळी गूगल आपल्या इंजिनिअरांना आठवड्यातला साधारण एक दिवस स्वतःच्या कल्पनेवर घालवायची मुभा देत असे. टॅन यांचा वर्ग त्या मोकळ्या वेळातून उभा राहिला. पुढे जगभरच्या कंपन्यांनी वर्ग उचलला; तो दिवस फारसा कुणी उचलला नाही.

ध्यान आपल्याकडे काही कॅलिफोर्नियाहून यायला नको होतं. इगतपुरीच्या धम्मगिरीत १९७६ पासून विपश्यनेची शिबिरं भरताहेत. तिथे दहा दिवस राहायचं, फोन जमा करायचा, बोलायचं नाही. राज्य सरकार आपल्या कर्मचाऱ्यांना त्यासाठी रजा देतं, हे मला फार सुज्ञपणाचं वाटतं. सरकारी खात्याला जे कळलं ते खासगी कंपनीला का कळू नये? तिथे तेच ध्यान जेवणाच्या सुट्टीत, पाऊण तासात, डबा मांडीवर घेऊन उरकायचं असतं. कॅमेरा चालू ठेवून.

याचा उपयोग होतो का, हे लोकांनी तपासलेलं आहे. ऑक्सफर्डच्या विल्यम फ्लेमिंग यांनी ब्रिटनमधल्या २३३ संस्थांतल्या ४६,३३६ कर्मचाऱ्यांची माहिती घेऊन २०२४ मध्ये निष्कर्ष मांडले. ताण हाताळण्याचे वर्ग, ॲप, कोचिंग वगैरे घेणारे आणि न घेणारे यांच्या मानसिक स्वास्थ्यात त्यांना जवळपास फरक दिसला नाही. स्वयंसेवी कामाची संधी हा एकच अपवाद निघाला. त्याआधी कितीतरी वर्षं मायकेल मार्मट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लंडनच्या सरकारी नोकरांचा दीर्घकाळ अभ्यास करून दाखवलं होतं, की ज्यांच्या हातात स्वतःच्या कामाची सूत्रं कमी, त्यांना हृदयविकाराचा धोका जास्त. म्हणजे दुखणं माणसात जेवढं, तेवढंच कामाच्या मांडणीत. श्वास कसा घ्यावा हे कोच शिकवू शकतात, डेडलाइन हलवायचा अधिकार त्यांना नाही.

आपल्या कायद्याला ही समज फार पूर्वी होती. १९४८ च्या कारखाने अधिनियमाने पाचशे किंवा अधिक कामगार असतील तिथे वेल्फेअर ऑफिसर नेमणं बंधनकारक केलं. अडीचशेच्या वर कामगार असले तर कॅन्टीन, दीडशेच्या वर असले तर विश्रांतीची आणि जेवणाची जागा, पन्नासहून (पुढे तीसहून) अधिक बायका कामाला असल्या तर पाळणाघर. हे वेल्फेअर ऑफिसर संत नव्हते. त्यातले बरेच मालकाची माणसं बनून गेले. तरी त्यांच्याकडे दाद मागता यायची ती पंख्याची, पाण्याची, पाळणाघराची. ‘तुम्ही अधिक कणखर व्हा’ असं सांगायला त्यांना पगार नव्हता.

आणि छंद? गिरणगावातला कामगार नोकरी सोडून नाटकात गेला नव्हता. पाळी संपल्याचा भोंगा झाला, की पुढचे तास त्याचे. त्यात तालमी, भजनी मंडळं, कबड्डीचे संघ चालत. १९५३ च्या कायद्याने कामगार कल्याण मंडळ आलं, कामगार नाट्यस्पर्धांनी रंगभूमीला नट दिले. त्या जगाचे गोडवे गायची माझी इच्छा नाही. साच्यापाशी उभं राहून फुप्फुसात कापूस जायचा. पण भोंग्यानंतर जॉबर, म्हणजे गिरणीतला मुकादम, घरी मेसेज पाठवत नव्हता.

आज भोंगा नाही. ऑफिस सुटल्यावर फोन न उचलण्याचा हक्क मिळावा म्हणून सुप्रिया सुळे यांनी २०१८ मध्ये लोकसभेत खासगी विधेयक मांडलं. खासगी विधेयकांचं आपल्याकडे बहुधा जे होतं तेच त्याचं झालं: ते मंजूर झालं नाही. उलट सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने दुकानं आणि आस्थापनांमधली दिवसाच्या कामाची मर्यादा नऊ तासांवरून दहा करायला मंजुरी दिली. दहावा तास कोणत्या छंदातून कापायचा, हे त्या निर्णयात नव्हतं.

कोच मंडळींवर माझा राग नाही. चांगले कोच असतात. बंद दाराआड कुणी पहिल्यांदा रडतं ते त्यांच्यासमोर, आणि ‘हे माझ्या हातातलं नाही, डॉक्टरांकडे जा’ असं प्रामाणिकपणे सांगणारेही त्यांच्यात आहेत. ज्यांनी स्वतः ती नोकरी केली त्यांना तिची नाडी कळते. म्हणूनच त्यांच्याकडून अपेक्षा आहे. कंपनीशी करार करताना त्यांनी एक अट घालावी: पहिलं सत्र कर्मचाऱ्यांचं नको, टीम मॅनेजरांचं घ्यायचं. रात्री दहानंतर कोण मेल पाठवतं, रविवारचे कॉल कोण लावतं, गेल्या वर्षभरात कुणाच्या रजा नामंजूर झाल्या, ही यादी टेबलावर ठेवून. त्या सत्राला हजेरी सक्तीची असावी. बाकीची सगळी ऐच्छिक.