गादीचे टाके आणि आठ मिलिमीटरची दोरी

गुरुवारच्या बाजारातून परतताना छावणीत एका माजी विद्यार्थिनीचे वडील भेटले. मुलगी अकरावीत, कबड्डी खेळते. खेळताना गुडघ्यात ‘कट’ असा आवाज झाला. महिनाभर घरी तेलमालिश चालली. मग एमआरआयमध्ये कळलं की पुढचं लिगामेंट तुटलंय आणि गादीही फाटलीय.

“आपा, डॉक्टर म्हणतात मांडीमागची नस काढून आत बसवायची. एका दुखण्यासाठी दोन ठिकाणी कापायचं? नुसते गादीला टाके घातले तर?”

प्रश्न रास्त होता. अनेक घरांत तो पडतो, म्हणून इथे लिहिते.

गुडघ्यातली गादी म्हणजे मेनिस्कस. मांडीचं हाड आणि नडगी यांच्यामध्ये चंद्रकोरीसारख्या अशा दोन गाद्या असतात. त्या अंगाचा भार वाटून घेतात. रक्तपुरवठा फक्त बाहेरच्या कडेला असतो, म्हणून तिथले टाके चांगले भरतात. पूर्वी फाटलेली गादी सरळ काढून टाकत. पण अशा गुडघ्यांची झीज लवकर होते, हे १९४८ साली ब्रिटिश सर्जन फेअरबँक यांनी एक्स-रेवरून दाखवलं. म्हणून आज शक्य तिथे गादी वाचवतात.

आता दोरीचं पाहू. पुढचं लिगामेंट नसेल तर नडगी पुढे सरकते. प्रत्येक वळणाला गादीला हिसका बसतो आणि टाके उसवतात. म्हणून दोरी घट्ट हवी. ज्याला आपण ‘नस’ म्हणतो ती रक्ताची नळी नव्हे, स्नायू हाडाला बांधणारी कंडरा आहे. अशा दोन कंडरा दुहेरी करून चार पदरी दोरी करतात आणि मापाच्या छिद्रांतून ओवून तिची जाडी पाहतात. ८ मिलिमीटरपेक्षा बारीक दोरी पुन्हा तुटण्याचा धोका जास्त असतो, तरुण वयात विशेष. वर्गात शिकवतो तो वर्तुळाच्या क्षेत्रफळाचा हिशेब इथे लावा: ७ ऐवजी ८ मिलिमीटर म्हणजे छेदाचं क्षेत्रफळ सुमारे ३० टक्क्यांनी जास्त. मात्र वाटेल तितकी जाड दोरीही चालत नाही. हाडात तेवढं मोठं भोक पाडावं लागतं आणि गुडघ्यात जागा मोजकीच असते.

उंची कमी असलेल्यांची कंडरा बारीक निघू शकते. म्हणून ऑपरेशनआधीच विचारा: “दोरी बारीक निघाली तर काय कराल?” जास्त पदर करता येतात किंवा गुडघ्याच्या वाटीजवळची कंडरा घेता येते. मांडीमागची काढलेली कंडरा बहुतेकांच्या पायात काही प्रमाणात पुन्हा वाढते. खर्चासाठी महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत उपचार बसतो का, तेही विचारा.

नंतरचे महिने घरच्यांच्या हातात असतात. उकिडवं बसणं आणि गुडघा पूर्ण दुमडणं डॉक्टर सांगतील तोवर बंद. नमाज खुर्चीवर बसून पढावी. आजाऱ्याला ही सवलत दीनने दिलेली आहे. मुलीला “लोक काय म्हणतील” म्हणून खाली बसवू नका.

सांगलीच्या स्मृती मानधनाला जानेवारी २०१७ मध्ये गुडघ्याची मोठी दुखापत झाली होती. त्याच वर्षी जूनमध्ये विश्वचषकात तिने इंग्लंडविरुद्ध ९० धावा आणि वेस्ट इंडीजविरुद्ध नाबाद १०६ धावा केल्या. प्रत्येकीला इतक्या लवकर परतता येत नाही, पण परतता येतं.

निघताना चाचा हळूच म्हणाले, “रिश्ता आला आणि व्रणाबद्दल विचारलं तर?”

मी म्हटलं, “खरं सांगा, चाचा. लंगडत राहिली तर ते लपवणार कसं?”

पुढच्या मंगळवारी तारीख मिळाली आहे. दुआ करा.