पाण्याने पुसलेली खातेवही

पर्युषणपर्व जवळ आले की मला २०१९ च्या ऑगस्टमधील सांगली आठवते. मी तेथे गेलो होतो वसुलीसाठी. गणपती पेठेतील एका वयोवृद्ध किराणा व्यापाऱ्यांकडे आमच्या पेढीच्या वेलची-मिरीची मोठी उधारी थकली होती.

कोयनेच्या पाणलोट क्षेत्रात कित्येक दिवस संततधार सुरू होती. सांगलीला लागूनच, हरिपूरला, वारणा कृष्णेला मिळते. दोन्ही नद्या एकाच वेळी भरल्या की कृष्णेचे पाणी पुढे सरकत नाही. ते मागे फुगत जाऊन शहरात शिरते. हा पूर गर्जना करीत येत नाही. तो गटारांतून वर येतो, एकेक पायरी चढतो, आणि म्हणूनच माणूस गाफील राहतो. काकांच्या दुकानाच्या भिंतीवर २००५ च्या पुराची खूण होती. त्यांनी सारा माल त्या खुणेच्या हातभर वर रचला होता. “याच्या वर पाणी कधी आलेले नाही,” ते म्हणाले. आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट आहे. त्या वर्षी पाणी ५७ फुटांपर्यंत गेले आणि ती जुनी खूण कुठल्या कुठे बुडाली.

पाणी गुडघ्यापर्यंत आले तेव्हा आम्ही पोती माळ्यावर चढवीत होतो. इतक्यात शेजारच्या वाड्यातून हाक आली. तळमजल्यावर दोन वृद्ध बहिणी अडकल्या होत्या. काकांनी हातातले पोते तेथेच पाण्यात सोडले. “पोरांनो, माल राहू द्या. आधी माणसे!”

मी मात्र क्षणभर थबकलो. त्या पोत्यात माझे पैसे आहेत, हा विचार मनात आधी आला. हाक त्यानंतर ऐकू आली.

बहिणींना खुर्चीत बसवून वरच्या मजल्यावर नेले. पुढचे तीन दिवस आम्ही तेथेच होतो. चहूकडे पाणी, आणि उकळलेले पाणी मात्र दिवसाला एक कळशी! सूर्यास्तापूर्वी जी मूठभर खिचडी शिजे, ती काका आधी त्या बहिणींना वाढीत. अखेर नाव आली.

पूर ओसरल्यावर खातेवह्यांचा लगदा झालेला दिसला. काका म्हणाले, “माझी वही गेली, भाई. तुमची शाबूत आहे. आकडा तुम्ही सांगा, मला मान्य आहे.”

एवढा विश्वास मला आजवर कोणी दिला नव्हता. मी केवळ मुद्दल सांगितले, व्याज सोडले. यात औदार्य काहीच नव्हते. त्या एका क्षणाचे ते प्रायश्चित्त होते. दोन वर्षांत त्यांनी पै न् पै चुकती केली.

अपरिग्रह म्हणजे दुकान रिकामे ठेवणे, असे आता मला वाटत नाही. दुकान भरलेले असावे. पण हाक येताच हातातले पोते सुटावे. काकांचे सुटले, माझे अडले.

त्या संवत्सरीला मी त्यांना हे सर्व सांगून ‘मिच्छामि दुक्कडम्’ म्हटले. ते हसून म्हणाले, “पोते तर तुम्हीही सोडलेत ना? थोडे उशिरा, इतकेच.”