मक्त्यातली सूट पाडव्यालाच बोलून घ्या



पाडवा जवळ आलाय. आमच्या मराठवाड्यात सालगडी अन् मक्ता, दोन्ही याच दिवशी ठरतात. यंदा पारावर एकच विषय आहे: कोणी जमीन सोडली अन् कोणाचा मागचा मक्ता अजून फिटला नाही. मी घरची तीन एकर अन् मक्त्याची पाच एकर करतो. त्यामुळं हे एका बाजूचं बोलणं वाटलं तर वाटू द्या, हिशोब मात्र सरळ मांडतो.

आमच्या शिवारात कोरडवाहू जमिनीचा मक्ता एकरी 14 हजार. सोयाबीनला बी, खत, फवारण्या, खुरपण, काढणीचं गुत्तं अन् मळणी धरून खर्च 17 हजार. बरं साल असलं की 9 क्विंटल उतारा, 4,300 चा भाव, म्हणजे 38,700 हाती. सगळं वजा जाता एकरी 7,700 उरतात. त्यात घरच्या दोन माणसांची मजुरी धरलेलीच नाही.

आता 2025 चा खरीप. सप्टेंबरात काय पाणी पडलं ते सांगायची गरज नाही, मांजरा-तेरणाच्या काठच्यांनी तर गंजीच्या गंजी वाहून जाताना पाहिल्या. माझं रान काठापासून लांब, तरी शेंगेला झाडावरच कोंब आले. 3 क्विंटल झालं, तेही डागी. हमीभाव 5,328 होता, पण डागी अन् ओला माल खरेदी केंद्रावर कोण घेतो? आडतीला 3,400 नं गेलं. 10,200 आले, खर्च 17 हजार, म्हणजे मक्ता द्यायच्या आधीच 6,800 चा खड्डा. पूर्ण मक्ता दिला तर 20,800. पाच एकराचे 1 लाख 4 हजार. हे भरून काढायला बऱ्यातली बरी पावणेतीन सालं लागतात, अन् लागोपाठ तीन बरी सालं शेवटची कधी पाहिली, तुम्हीच आठवा.

पूर्वी बटई होती, तेव्हा हा प्रश्नच नव्हता. मालक राशीवर यायचा, निम्मं-निम्मं व्हायचं. पिकलं तर दोघांचं, बुडलं तर दोघांचं. रोख मक्ता आला अन् सगळी जोखीम कसणाऱ्याच्या डोक्यावर गेली. मालकाला त्यात सोय आहे, कारण तो गावात राहत नाही. पण सोयीची किंमत फक्त एकानंच का मोजायची?

त्यात मदतीचा घोळ. अतिवृष्टीची मदत सातबाऱ्यावरच्या नावाला जाते. फार्मर आयडी मालकाचा, बँक खातं मालकाचं. पीक विम्याला मक्तेदार चालतो, पण नोंदणीकृत भाडेकरार पाहिजे, अन् तोंडी व्यवहारात तो येणार कुठून? कोरडवाहूला हेक्टरी 18,500 जाहीर झाले. त्यातले 8,500 पीक नुकसानीचे, 10 हजार रब्बीच्या पेरणीसाठी. एकरी हिशोब 7,400 च्या आसपास बसतो. बुडालेलं पीक माझं, हरभरा पेरला मी, पैसे गेले सातबाऱ्याकडं. यात मालकाची लबाडी नाही, व्यवस्थाच तशी आहे. पण हे पैसे कोणत्या नुकसानीचे, ते दोघांनाही कळतं. बांध फुटून जमीन खरडून गेली असेल तर तिची मदत मात्र मालकाची, त्यावर मक्तेदारानं डोळा ठेवू नये.

माझ्या जमिनीचे मालक पुण्याला नोकरीला आहेत. मी त्यांना दादा म्हणतो. त्यांना मी सप्टेंबरातच व्हिडिओ कॉल लावून रान दाखवलं, काढणीनंतर आडतीची पट्टी पाठवली, मग बोललो. हिशोब असा ठेवला: दादा, 14 हजारातले 7,400 सरकारकडून तुम्हाला आले, ते मक्त्यात धरा. राहिले 6,600, ते निम्मे तुम्ही सोसा, निम्मे मी. म्हणजे तुमचे 3,300 कमी झाले, अन् माझा खड्डा तरीही 10,100 चा. त्यांनी विचारलं, "मग भाव 6 हजार झाला तर मला जास्त देणार का?" प्रश्न बरोबर होता. मी म्हणालो, देतो. अन् यंदाच्या बोलीत ते घालतोय.

सूट मागणं म्हणजे भीक मागणं, असं आपल्याकडं मानतात. पश्चिम महाराष्ट्राला लागू असलेल्या 1948 च्या कुळकायद्यात 13 वं कलम आहे: सरकारनं शेतसारा माफ केला किंवा तहकूब केला, तर मालकानंही त्या प्रमाणात खंड माफ किंवा तहकूब करायचा. मराठवाड्याचा कायदा वेगळा, 1950 चा, अन् तोंडी मक्तेवाला तसंही कायद्याच्या दारात जात नाही. पण तत्त्व बघा. वरचा सूट देतो तर ती खालपर्यंत उतरली पाहिजे.

मालकांचीही बाजू आहे. सगळे पुण्याचे नोकरदार नाहीत. आमच्याच गावात एका म्हाताऱ्या मावशीचं औषधपाणी दोन एकराच्या मक्त्यावर चालतं. तिच्याकडं निम्मी सूट मागायला माझी जीभ रेटणार नाही. तिथं फार तर मदतीचे पैसे वळते करा अन् राहिलेल्याला पुढच्या राशीपर्यंत मुदत घ्या. ज्यांनी पूर्ण मक्ता आगाऊ घेतलाय, त्यांनी परत देण्याऐवजी पुढच्या सालात वळता केला तरी चालेल. दुसरी भीती कुळ लागण्याची. म्हणून मालक कागद करत नाही, दरसाल माणूस बदलतो, अन् बदलत्या माणसाकडून रानात शेणखत कोण टाकणार? नीती आयोगानं 2016 ला नमुना कायदा दिला, त्यात मुदत संपली की जमीन मालकाकडंच परत, मालकीला धक्का नाही. असा कायदा आला तर दोघांचीही झोप सुधारेल.

तोवर पाडव्याला दोन माणसांसमोर एवढं बोलून घ्या. निम्मा मक्ता आधी, निम्मा राशीनंतर. डिसेंबरात गावाची अंतिम पैसेवारी 50 पैशांच्या खाली आली तर दुसरा हप्ता निम्मा. पीक नुकसानीचे जे पैसे मालकाच्या खात्यावर येतील ते मक्त्यात वळते. भाव ठरलेल्या आकड्याच्या वर गेला तर मक्तेदार एकरी इतके जादा देईल. कागद नको असेल तर व्हॉट्सॲपवर आवाजात रेकॉर्ड करून दोघांनी ठेवा.

तुमच्याकडं एकरी मक्ता किती अन् यंदा कोणी किती सोडला, खाली लिहा. नावं नकोत, तालुका अन् आकडा पुरे.